लेकुरमाळ आणि शकुंतलाबाई

माह्या सासूला हळदीच्या बाजारात सगळे घाबरतात. आडत्ये घाबरतात, हमाल घाबरतात, काट्यावरचा माणूस तर तिला लांबून येताना पाहूनच काटा पुसायला लागतो. हिंगोलीच्या बाजारात हळद निवडायला ज्या बाया बसतात त्यांची ती मुकादम. शकुंतलाबाई म्हणलं की कोणीबी दावतं. तिच्या हाताखालच्या बाईला कोणी अरे-तुरे केलं की ही सूप बाजूला ठेवून उठती, "घरी आईला असंच बोलतो का रे मेल्या?" एवढ्यावर भागलं तर त्या माणसाचं नशीब समजायचं.

मी तिची सून, सरिता. मी बी काही गरीब गाय न्हाई. आमच्या दोघींचं लागलं की शेजारचे टीव्हीचा आवाज बारीक करतात, असं माहा नवरा देविदास म्हणतो. तव्हा मी सासूचं कौतुक करायला बसले न्हाई, हे आधी सांगून ठेवते. पण तिनं जे केलं ते मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं, अन् गावात लोक भलतंच सांगून राहिले. कोणी म्हणतं म्हातारीला जिमीन गिळायची व्हती. कोणी म्हणतं तिच्या अंगात येतं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! म्हणून म्हणलं आपणच सांगावं. घरात आमी गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण ही गोष्ट मराठीत सांगते, म्हणजे सगळ्यांना कळंल.

आमचा तांडा आता हिंगोली शहरात हाय. आमी कुठं गेलो न्हाई बरं का, शहरच वाढत वाढत आमच्या अंगावर आलं. तांड्याच्या मागं ओढा, अन् ओढ्याच्या पल्याड माळ. बोरी-बाभळी, एक जुनं हिवराचं झाड, बाकी खुरटं गवत. नवख्या माणसाला तिथं काहीच दिसायचं न्हाई. चारी बाजूंनी कॉलन्या झाल्या, पाण्याच्या काळ्या टाक्या दिसायला लागल्या, अन् मधी हा एवढा उघडा तुकडा. त्याला लेकुरमाळ म्हणतात. तिथं लेकरं पुरलेली हायत.

आमच्यात लगीन झालेल्या माणसाला जाळतात, बिनलग्नाच्याला पुरतात. लहान लेकरू तर मातीलाच. खाली मीठ टाकायचं, वर माती लोटायची, अन् कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून बाभळीचे काटे रचायचे. दगड न्हाई, चौथरा न्हाई, नाव न्हाई. दोन-चार पावसाळे गेले की जागा जिमिनीत मिसळून जाती.

जुनी माणसं सांगायची, हिंगोलीला फौजेची छावणी व्हती तव्हा आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून इकडं यायचे. ह्याच ओढ्याला मुक्काम पडायचा. एका मुक्कामात देवीची साथ आली. मोठी माणसं वाचली, लेकरं गेली. छावणीच्या बाजारात इकायला आणलेलं मीठ लेकरांच्या खाली गेलं. मग तांडा पुढं निघायची वेळ आली तर बाया उठंनात. त्यातल्या एकीनं म्हणं म्होरच्या बैलाची वेसण धरली अन् म्हणली, "जायचं त्यांनी जा. मी लेकरू टाकून येत न्हाई." तिच्यामुळं तांडा इथं थांबला तो थांबलाच. म्हणजे आधी लेकुरमाळ झाला अन् मग आमचं गाव. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठावं, पण मला तरी हे पटतं.

पुढं रेल्वे आली, निजाम गेला, सडक झाली, सरकारी दवाखाना झाला. दवाखान्यात एखाद्या बाईचं लेकरू दगावलं अन् गाव लांब असलं, की कोणीतरी सांगायचं, तांड्याकडं न्या. मग कनेरगाव नाक्याचे यायचे, नरसीकडचे यायचे, शहरातलेबी यायचे. जात कोणी इचारली न्हाई. बाप गाठोडं घेऊन ओढ्याच्या अल्याडच उभा राहायचा, कारण त्याच्या हातापायातलं बळ गेलेलं असायचं. आमच्या तांड्यातली माणसं गाठोडं घ्यायची, पल्याड जायची, अन् मोकळ्या हातानं परत यायची. असं वर्सानुवर्सं चाललं. नंतर शहराच्या मोठ्या स्मशानात लेकरांसाठी कोपरा झाला, तव्हापासून इथं कोणी आणत न्हाई.

आता मेन गोष्ट सांगते. ह्या माळावर बाया जात न्हाईत. जात न्हाईत म्हणजे जाऊ देत न्हाईत. अन् जो बाप्या लेकरू पुरून आला, तो लेकराच्या आईला जागा सांगत न्हाई. ओढ्यात पाय धुवायचे, घरी यायचं, अन् तोंड शिवायचं. म्हणतात की आईला जागा कळली तर ती तिथंच जाऊन बसती, तिचा पान्हा आटत न्हाई, अन् पुढचं लेकरू तिच्या पोटाला येत न्हाई. बायांच्या भल्यासाठीच हाय म्हणतात. बायांचं भलं करायची लई हौस हाय ह्या बाप्यांना.

माही सासू सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावरून लगीन होऊन आली. तिची पहिली लेक निलम. चालायला लागली व्हती, "याडी, याडी" करत मागं मागं फिरायची. याडी म्हणजे आई. तापाचं निमित्त झालं अन् गेली. माह्या सासऱ्यांनी, मोहनसिंग बापूंनी, आपल्या डोक्याचा फेटा सोडला, त्यात तिला गुंडाळलं, अन् नेलं. परत आले तव्हा सासू दारात उभी व्हती. तिनं इचारलं, "कुठं ठेवली?"

"माळावर."

"माळावर कुठं?"

बापूंनी मुंडी खाली घातली.

त्यानंतर देविदास झाला, दोन पोरी झाल्या, त्यांची लगनं झाली, पण हा सवाल काही मिटला न्हाई. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून बापू बोलले, की ही म्हणायची, "मिठाचं बोलू नका. मीठ कुठं टाकलं ते आधी सांगा." झालं! बापू तंबाखूची चंची उचलून भाहीर. सणाला इचारायची, दुखण्यात इचारायची, चिडून इचारायची, गोड बोलून इचारायची. बापू म्हणायचे, "मला आठवत न्हाई." खोटं बोलताना त्या माणसाची नजर चुलीकडं जायची. तांड्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं व्हतं की त्यांना बराबर आठवतं.

माहं लेकरू शाळेत जायला लागलं तव्हा मी एकदा मधी पडले. म्हणलं, "याडी, जाऊ द्या की आता, लई वर्सं झाली." तिनं माह्याकडं असं पाह्यलं की मी तिथल्या तिथं भांडे घासायला बसले. मग म्हणली, "तुला तुहं लेकरू कुठं हाय ते ठावं हाय न्हाई? शाळेत हाय. मग तुला काय कळायचं!"

आता प्रेमसिंग. हा आमच्याच तांड्यातला. याचा आजा तांड्याचा नायक व्हता. त्या काळात तांड्याची सगळी जिमीन नायकाच्या नावावर लावायची रीत. नायक म्हणजे बाप, बापावर कोण शक घेतो? आमच्या लोकांनी बी आंगठे उठवले अन् मोकळे झाले. लेकुरमाळ असाच त्याच्या आजाच्या नावावर लागला, अन् सरकारी कागदावर तो पडीक. आजानं कव्हा त्याला आपला म्हणलं न्हाई. नातू मात्र प्लॉटिंगच्या धंद्यात पडला. पांढरी गाडी, गॉगल, अन् प्रत्येक लग्नात पाव्हण्यांना फेटे बांधायला म्होरं. तो म्हणला, माळ माहा हाय, मी तिथं प्लॉट पाडणार, पण तांड्याला पहिल्याच कोपऱ्यात सेवालाल महाराजांचं मंदिर बांधून देणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार! अन् आमचे म्हातारे लगेच मंदिर कव्हढं बांधायचं त्यावर वाद घालायला लागले.

एका सकाळी माळावर जेसीबी आली, बोरी-बाभळी काढायला. तांड्यातले बाप्ये ओढ्याच्या अल्याड उभे. कोणी म्हणतं अडवा, कोणी म्हणतं बोलून पाहू. सासू हळदीच्या बाजाराला निघाली व्हती, डब्बा हातात. तिनं तो डब्बा माह्या हातात दिला, लुगडं वर खोचलं, अन् ओढ्यात उतरली.

म्हाताऱ्यांनी कल्ला केला. "ए शकुंतलाबाई! बाया माळावर जात न्हाईत!"

ती मधीच पाण्यात थांबली अन् मागं वळली. "बाया जात न्हाईत म्हणूनच हा इकून राहिला! आमी तिथं जाऊन बसलो असतो, गळा काढून रडलो असतो, तर ह्या प्रेम्याची छाती झाली असती का? तुमी गप बसवलं म्हणून माळ गप पडला. अन् गप माळ दिसला की कोणीबी म्हणतं, पडीक हाय!"

तिच्या मागं जिवनबाई उतरली. जिवनबाई म्हणजे आमच्या गल्लीतली रांडव म्हातारी, तिची तीन लेकरं त्या माळावर हायत. तिला काठीशिवाय चालता येत न्हाई, पण ओढा पार केला बाईनं. मग एकीमागं एक. मी डब्बा घेऊन उभी व्हते, मला काय करावं कळंना, तर मी डब्ब्यासकट गेले.

जेसीबीवाला वाशिमकडचा पोरगा व्हता. एवढ्या बाया आलेल्या पाहून त्यानं मशीन बंद केली. "काय झालं, मावशी?" सासूनं सांगतलं खाली काय हाय ते. तो लगोलग उडी मारून खाली उतरला, चपला काढल्या, अन् म्हणला, "मला हे कोणी सांगतलंच न्हाई." मशीन घेऊन गेला तो परत आलाच न्हाई. प्रेमसिंगनं त्याला फोनवर लई शिव्या घातल्या म्हणं.

मग प्रेमसिंगनं मोजणीचा अर्ज केला, तांड्यानं हरकत घेतली, अन् कचेरीतून एक साहेब जागा पाहायला आला. साहेब माणूस चांगला व्हता, खोटं काहून बोलू? हिवराच्या झाडाखाली खुर्ची टाकली तर तो बसला न्हाई, उभाच राहिला. त्या दिशी माळ बायांनी भरला व्हता. हळदीच्या बाजारातून बातमी गेलीच व्हती. कनेरगाव नाक्याची सखुबाई आल्ती, शेतकऱ्याच्या घरातली, लेकीला संगं घेऊन. तिचं पहिलं लेकरू दवाखान्यात गेलं अन् आमच्या माणसांनी इथं पुरलं, हे ती पहिल्यांदा चार माणसांत बोलली.

प्रेमसिंग म्हणला, "साहेब, भावना आम्हालाबी आहेत. पण पुरावा काय? एक तरी कबर दाखवा. दगड दाखवा. आमच्या आजोबाची जमीन आहे, नि हे लोक हवेत बोलून राहिले."

साहेबानं विचार केला. मग म्हणला, "असं करू. ज्यांना आपलं मूल कुठे पुरलंय ती जागा दाखवता येईल, त्यांनी दाखवावी. तेवढ्या जागा मी नकाशात वगळतो, भोवती कुंपण होईल. त्या जागेला कुणी हात लावणार नाही. उरलेल्या जमिनीची मोजणी होईल. दोघांचंही समाधान होईल."

लोकांनी माना डोलावल्या. ऐकायला बराबर वाटलं ना? मलाबी वाटलं. प्रेमसिंग तर एवढा खूश झाला की म्हणला, "कुंपण माझ्या खर्चानं करतो!"

पण दाखवणार कोण? आयांना ठावं न्हाई. ज्या बाप्यांना ठावं व्हतं ते बहुतेक मरून गेले. परक्यांची लेकरं कोणी कुठं ठेवली, ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. माणसाला आपलं तेवढं ध्यानात राहतं. तांड्यात असे तीनच म्हातारे उरले व्हते ज्यांना आपली जागा आठवत व्हती, अन् त्यातले एक आमचे बापू.

बापू उठले. काठी टेकत टेकत माळावर चालायला लागले. चंची कंबरेलाच, फेटा नीट बांधलेला. त्यांनी एकदाबी इकडं-तिकडं पाह्यलं न्हाई, पाय आपोआप चालून राहिले व्हते. तव्हा मला कळलं, हा माणूस इथं येत व्हता. वर्सानुवर्सं, कोणाला न सांगता, येत व्हता. मी सासूकडं पाह्यलं अन् मनात म्हणलं, याडी, आज तुला कळणार. सगळी जिंदगी जे मागितलं ते आज भेटणार. मला रडूच फुटलं, खरं सांगते.

सासूचे डोळे बापूंच्या पायांवर. हिवराच्या झाडापासून बापू पुढं गेले, बोरीच्या जाळीला वळसा घातला, अन् त्यांची चाल मंद झाली.

तेवढ्यात जिवनबाईनं जिमिनीवर बसकण मारली. रडली न्हाई, ओरडली न्हाई. नुसती मातीवर हात फिरवायला लागली, ह्या बाजूला, त्या बाजूला. तिचा नवरा मरून लई वर्सं झाली. तिची तीन लेकरं आता उरलेल्या जिमिनीत जमा झाली व्हती. सखुबाईनं तर लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

सासूनं जिवनबाईकडं पाह्यलं. मग मोठ्यानं आवाज दिला, "मोहनसिंग!"

अगं बाई गं! तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात बाया घेतच न्हाईत. देविदासचे बापू, न्हाई तर नुसतं "ऐकलं का". अन् आज साहेबाच्या, प्रेमसिंगच्या, सगळ्या शहराच्या म्होरं, "मोहनसिंग, तिथंच थांब! एक पाऊल टाकू नको!"

बापू थांबले. मागं वळून पाह्यलं त्यांनी, लेकरानं पाहावं तसं.

"माघारी ये. दावू नको."

"शकुंतला," बापू म्हणले, "इथं पाचच पावलं..."

"पावलं मोजू नको! माघारी ये म्हणते ना!"

बापू माघारी आले. सासू साहेबाच्या म्होरं जाऊन उभी राहिली. पदर कंबरेला खोचलेला.

"साहेब, तुमी चांगले हाव. पण तुमचा सवाल उलटा हाय. माही लेक कुठं हाय मला ठावं न्हाई. ह्या जिवनबाईला ठावं न्हाई. ह्या सखुबाईला ठावं न्हाई. आमाला कोणी सांगतलंच न्हाई, ती आमची रीत. आता आमच्या रीतीचा फायदा हा घेणार? आमाला पुसू नका लेकरू कुठं हाय. ह्या प्रेम्याला पुसा, कुठं न्हाई. जिथं एकबी लेकरू न्हाई अशी हातभर जागा त्यानं आमाला दावावी. तिथं खुशाल खंदा. तिथं मंदिर बांधा, बंगला बांधा, काय बांधायचं ते बांधा."

प्रेमसिंगचा चेहरा उतरला. "काकी, येड्यावानी करू नका. तुमची जागा तुम्हाला भेटून राहिली ना! बाकीच्यांचं तुम्हाला काय करायचं?"

"माह्या एकटीची भेटली की बाकीच्यांची तू खाणार," सासू म्हणली. "मला नको. जव्हर कोणाचं कुठं हाय ते ठावं न्हाई तव्हर सगळा माळ सगळ्यांचा."

बाकीचे दोन म्हातारे जागा दावायला उठले व्हते. ते खाली बसले. एक म्हणला, "मला बी आठवत न्हाई." दुसरा म्हणला, "मला तर कव्हाच आठवत नव्हतं."

साहेब एक पाऊल पुढं टाकायला गेला अन् पाय मागं घेतला. मग आपल्या माणसाला म्हणला, "टेप गुंडाळा. पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही, मोजू काय?" प्रेमसिंगला म्हणला, तुम्हाला पाहिजे तर कोर्टात जा. अन् प्रेमसिंग गेला बी.

त्या सांजेला घरी आले तर सासू भाकरी करून राहिली व्हती. बापू चुलीपाशी. मला वाटलं आता दोघं एकमेकांशी बोलणार न्हाईत. बापूंच्या ताटात भाकर टाकत सासू म्हणली, "नाव घेतलं म्हणून राग आला का?"

बापू घास चावत म्हणले, "न्हाई. आवाज चांगला हाय तुहा. आधीच घ्यायचं ना."

सासू हसली. मी त्या घरात नांदायला आले तव्हापासून त्या दोघांना एकत्र हसताना पाह्यलं ते तेवढंच.

दावा कोर्टात लागला, अजून चालूच हाय. आमच्या वकिलानं सांगून ठेवलं, "शकुंतलाबाई, तुम्हाला शपथेवर विचारतील, जागा माहीत आहे का. माहीत असेल तर पुन्हा तोच मुद्दा निघेल, तेवढीच सोडा नि बाकीची द्या." सासू म्हणली, "देवाची शपथ घेऊन मी खोटं बोलणार न्हाई. अन् खोटं बोलायची पाळीच येऊ देणार न्हाई. मला ठावंच न्हाई." तव्हापासून तिनं बापूंना तो सवाल इचारणं बंद केलं. मीठ जास्त पडलं तरी गप. मला तर घर सुनं सुनं वाटायला लागलं.

मात्र माळावर जाणं तिनं सोडलं न्हाई. दर आवसेला ती जाती, बाया जातात, कॉलनीतल्याबी येतात. कोण कुठं बसतं त्याचा नेम न्हाई. जिथं जागा भेटली तिथं बसतात, मातीवर पाणी शिंपतात, नावं घेतात. जिवनबाईला तीन लेकरांची नावं घ्यायची असतात म्हणून ती तीन ठिकाणी बसती. कोणी तिला म्हणत न्हाई, इथं न्हाई तिथं बस.

बाकीचे दोन म्हातारे गेले. अन् यंदा हळदीच्या हंगामात बापूंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणला घरी न्या, वय झालं. दुपारची वेळ व्हती, सासू बाजारातून धावत आली, मी चमच्यानं पाणी पाजून राहिले व्हते. बापूंनी माहा हात बाजूला सारला अन् सासूला खुणावलं, जवळ ये.

"शकुंतला," ते म्हणले. आवाज लई बारीक झालता. "छातीवर दगड हाय माह्या. उतरवू दे. निलम... बोरीच्या जाळीच्या..."

सासूनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मी ओरडले. मला राहवलंच न्हाई. "याडी, मरून राहिला तो माणूस! बोलू द्या त्याला! तुमाला नसंल ऐकायचं तर मला सांगू द्या, मी ऐकते!"

"तुह्या तोंडाला कुलूप न्हाई," सासू म्हणली. तिची नजर बापूंवरच व्हती. "तुला सांगतलं की सांजेपर्यंत सगळ्या हिंगोलीला."

मला असा राग आला तिचा, असा राग आला, काय सांगू. बापूंच्या डोळ्यांतून पाणी वाहून तिच्या बोटांवर येऊन राहिलं व्हतं. ती त्यांच्या कानाशी वाकली. मला वाटलं आता हात काढंल. तिनं काढला न्हाई.

"इतकी वर्सं माह्यापासून लपवलंत ना," ती म्हणली, "आता माह्यासाठी लपवा."

बापूंनी डोळे मिटले, अन् मुंडी हलवली. व्हय म्हणले. तव्हा तिनं हात काढला, अन् त्यांच्या केसांवरून फिरवत बसली. दिवस बुडायच्या आत ते गेले.

तिसऱ्या दिवशी प्रेमसिंग भेटायला आला. तांड्यातला माणूस, यावंच लागतं. गॉगल खिशात घातला, दारात खाली बसला. "काकी, वाईट झालं. मोहनसिंगकाका गेले म्हणजे माळाची शेवटची साक्ष गेली."

सासू भिंतीला टेकून बसली व्हती. तीन दिवस तिनं ना धड खाल्लं व्हतं, ना कोणाशी बोलली व्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"व्हय, गेली," ती म्हणली. "आता त्या माळावर कोणाचं लेकरू कुठं हाय, हे ह्या जगात एकालाबी ठावं न्हाई. जा प्रेम्या, आता मोज."